पासवर्ड बरोबर होता

आधी माझ्याशी खोटं बोललात. मग त्याच बोटांनी मला हळदकुंकू लावलंत. झेंडूची माळ चढवलीत, नारळ फोडलात, डोळे मिटून हात जोडलेत. मी कोणाला म्हणतोय ते ज्याचं त्याला ठाऊक आहे. ज्यांनी उभं राहून पाहिलं, त्यांनाही ठाऊक आहे. कुंकवाचा तो डाग अजून माझ्या पुढच्या जाळीवर आहे. पुसायला कोणी आलं नाही.

मी 'हजेरी' बोलतोय.

नागपुरात वर्धा रोडवरून आत वळलं की पिकांच्या रोगांचा अभ्यास करणारं एक केंद्र लागतं. त्याच्या पहिल्या मजल्यावर काचेच्या दाराआड एक लहान खोली आहे. तिथल्या लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात मी राहतो. दिसायला काळा, चपटा, पोह्याच्या परातीएवढा. माझ्या वरच्या खणांत 'संत्रा', 'तर्री' आणि 'सावजी' आहेत. नागपूरकराला मशीनची नावं ठेवायला सांगा, त्याची गाडी खाण्याच्या पुढे जात नाही.

मी डिरेक्टरी सर्व्हर आहे. म्हणजे माणसांची यादी माझ्याकडे असते आणि बाकीच्या मशीन मला विचारतात. कोणी 'तर्री'समोर बसून नाव आणि पासवर्ड टाकला, की 'तर्री' मला विचारते, हा कोण? आत घेऊ का? मी पडताळतो आणि हो किंवा नाही म्हणतो. माझं सगळं आयुष्य या एका प्रश्नावर उभं आहे. मला विचारलं, तर मी आहे.

एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. पासवर्ड मला माहीत नसतो. मी फक्त त्याचा ठसा जपतो. समोरून आलेला पासवर्ड त्या ठशात बसला तर बरोबर, नाही बसला तर चूक. आणि चेहरा? चेहरा मला दिसतच नाही. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं.

मी नव्हतो तेव्हाचा काळ मी ऐकून आहे. अकरा मशीन होत्या आणि प्रत्येकीची यादी वेगळी. नवा माणूस आला की अकरा ठिकाणी त्याचं नाव टाकायचं, गेला की अकरा ठिकाणी पुसायचं. टाकायचे सगळे, पुसायचं कोणीच नाही. नोकरी सोडून मिहानमधल्या कंपनीत गेलेला एक गृहस्थ वर्षभर घरी बसून केंद्राच्या मशीनवर आपल्या मुलाचे शाळेचे प्रोजेक्ट करत होता.

त्याहून वाईट गोष्ट रूटची. लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या प्रत्येक मशीनला एक मालक असतो, त्याला रूट म्हणतात. तो काहीही लिहू शकतो, काहीही पुसू शकतो. या रूटचा पासवर्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटपट्टीनं लावलेला होता. सगळे मालक. काही बिघडलं की कोणी केलं ते कधीच कळायचं नाही. सगळ्यांनी केलेलं असायचं.

मग दीक्षा आली.

दीक्षा गजभिये. वय चोवीस, कोराडीच्या कॉलनीतून रोज बसनं यायची, करारावरची नोकरी. तिच्या बॅगेत डबा, पाण्याची बाटली आणि एक पेचकस कायम असायचा. भंगारात काढलेली एक मशीन तिनं उघडली, आतली धूळ फुंकली, दुसरीतून मेमरी काढून हिच्यात बसवली आणि माझा जन्म झाला. पहिल्यांदा डोळे उघडले तेव्हा समोर तिचा चेहरा होता असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मला डोळे नाहीत. तिच्या बोटांचा वेग तेवढा कळला. कीबोर्डवर ती हातोडा मारल्यासारखी टाइप करायची. तिला धीर असा नव्हताच.

चौतीस माणसं तिनं माझ्या यादीत घातली. त्यांचे गट केले: शेतातले, प्रयोगशाळेतले, देखभालीचे. मग एकेका मशीनला शिकवलं, यापुढे स्वतःच्या मनानं कोणाला आत घ्यायचं नाही, हजेरीला विचारायचं.

पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना हाकलून दिलं. माझं घड्याळ सात मिनिटं मागं होतं आणि वेळ जुळत नाही तोवर मी कोणावर भरवसा ठेवत नाही. बाहेर आरडाओरडा झाला. "काय मॅडम, तुमच्या हजेरीनं तर सगळ्यांनाच गैरहजर टाकलं!" ती हसली, घड्याळ जुळवलं आणि मी पहिला माणूस आत घेतला. त्या दिवशी मला वाटलं, आपण कामाचे आहोत.

त्यानंतर तिनं सुडो बसवला. सुडो म्हणजे मालकाची किल्ली एका कामापुरती मागून घ्यायची, पण मागताना स्वतःचं नाव सांगायचं. कोणाला कोणत्या कामाची किल्ली द्यायची तेही माझ्याच यादीत. रोहितला प्रिंटर चालू-बंद करता येईल, डिस्क जोडता येईल, बस. सगळ्या कामांची किल्ली फक्त दीक्षाला. आणि कोणी, कधी, कुठून, काय केलं याची एकेक ओळ माझ्याकडे कायमची लिहिली जाईल. कपाटातली ती चिकटपट्टी तिनं नखानं खरवडून काढली.

रोहित तिचा सहकारी, तोही करारावर. सरळ मुलगा, पण वरून आवाज चढला की खाली बघणारा. एकदा डबा खाताना त्यानं तिला विचारलं, "मॅडम, एवढं काहून करून राहिल्या तुम्ही? इथं कोण पाहते?"

ती म्हणाली, "माझ्या बाबांच्या नावापुढं एकदा दुसऱ्याचा अंगठा लागला होता. वीजकेंद्रात राखेच्या प्लँटवर ठेकेदाराकडे होते. त्या पाळीला ते घरी तापानं पडलेले आणि कागदावर कामावर. त्याच पाळीत तांब्याची केबल गेली. चार महिने घरी बसवलं त्यांना."

"मग?"

"मग काही नाही. केबल सापडली नाही, अंगठाही सापडला नाही. म्हणून हिचं नाव हजेरी."

मी ते ऐकलं आणि माझा पंखा क्षणभर जोरात फिरला. एसी बंद होता म्हणूनही असेल.

काचेच्या दाराबाहेर रुपराव बसायचे. केंद्राचे चौकीदार, पन्नाशी उलटलेले. त्यांच्यापुढे एक जाड रजिस्टर. खोलीत जाणाऱ्यानं नाव, वेळ, काम लिहायचं आणि सही करायची. कोणी सही न करता घुसला तर रुपराव स्वतः लिहायचे आणि पुढे कंस करून 'सही दिली नाही' असं टाकायचे. दीक्षाला ते रजिस्टर बघवत नसे.

"काका, आता हजेरी बसवली ना आपण. हे बंद करा. कोण वाचतं ते?"

"तुमची हजेरी आत बसली, मॅडम. माह्यी बाहेर बसली."

"अहो, पण एकच काम दोनदा कशाला?"

"पगार तर एकदाच भेटते," रुपराव म्हणाले आणि त्यांनी तिचं नाव लिहिलं, आत येण्याची वेळ लिहिली, पेन तिच्यापुढे केलं.

ती चिडून सही करायची. खरं सांगतो, त्या शाईच्या वहीला मीही हसायचो.

या केंद्रात एक रीत होती. दीक्षाला ती मोडता आली नाही. इथं पासवर्ड मागणं म्हणजे शेजाऱ्याकडे साखर मागणं. आणि नाही म्हणणं म्हणजे अपमान. "आपल्यात कसला पासवर्ड? आमच्यावर भरवसा नाही का?" एवढं म्हटलं की समोरचा विरघळायचा. चौतिसांपैकी वीस जण एकमेकांच्या नावानं माझ्या दारात यायचे. कोणत्या वेळी कोण ते मला कळायचं नाही. ठसा बसायचा, मी आत घ्यायचो.

दीक्षानं त्यावर एक नियम लिहिला आणि खोलीच्या दारावर चिकटवला: 'आपला पासवर्ड दुसऱ्याला देणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देणं. देणाऱ्याचं खातं तत्काळ बंद होईल.' खाली केंद्रप्रमुख लांजेवार सरांची सही घेतली. सही करताना सर म्हणाले, "छान. आता मलाही ती सगळी किल्ली देऊन टाक."

"कशाला सर?"

"अगं, मी प्रमुख आहे."

"सर, तुम्ही केंद्राचे प्रमुख. मशीनचे नाही."

सर हसले. खोलीतले सगळे हसले. मला वाटलं, विषय संपला. माणसं हसून विसरतात असं मला तेव्हा वाटायचं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते सांगतो. 'संत्रा'च्या पोटात भिवापूरची मिरची होती. तिकडच्या शेतांत दर आठवड्याला प्रेमिलाताई फिरायच्या. केंद्राच्या शेतसेविका. ठरलेल्या दोनशे बारा झाडांचे फोटो काढायच्या. पान कधी आकसायला लागलं, कोणत्या झाडाला काहीच झालं नाही, सगळं टिपायच्या. तीन हंगाम झाले होते. चौथा झाला की कोणत्या झाडाचं बी जपायचं ते कळणार होतं. त्या अभ्यासाच्या जोरावर दीक्षाची नोकरीही कायम व्हायची होती. मुलाखतीची तारीख लागली होती. तिनं बाबांना सांगितलंही होतं. फोनवर मीच ऐकलं ते.

नवमी आली. दुसऱ्या दिवशी दसरा, केंद्र बंद. म्हणून मशीनची पूजा नवमीलाच. दीक्षानं त्या दिवशी सुटी घेतली होती. दीक्षाभूमीला गावोगावची माणसं यायला लागतात, तिथं तिच्या कॉलनीचा पाण्याचा आणि जेवणाचा स्टॉल असतो. वर्षातून ती एवढीच सुटी मागायची.

सकाळी साडेअकराला लांजेवार सर, रोहित, नारळ आणि उदबत्त्या खोलीत आल्या. बाहेर रुपरावांचा आवाज आला, "सही, साहेब." सर म्हणाले, "अरे पूजा आहे रे, पूजेलाही सही?" तरी पेन कागदावर घासल्याचा आवाज मी ऐकला.

"मशीन बंद कर रे रोहित. एक दिवस तिलाही विश्रांती पाहिजे."

"सर, बंद करायला सुडो लागते. ते मॅडमकडेच आहे."

सरांनी फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडे भोंगे, गर्दी, कोणीतरी हरवलेल्या आजीचं नाव पुकारत होतं.

"अगं दीक्षा, पूजेसाठी मशीन बंद करायची आहे. पासवर्ड सांग पटकन."

"सर, बंद नका करू, नुसतं फूल वाहा ना. नाहीतर मी संध्याकाळी येते."

"संध्याकाळपर्यंत नारळ घेऊन बसू का इथं?"

"सर, तो नियम…"

"नियमावर सही कोणाची आहे? माझीच ना? दीक्षा, दोन वर्षं झाली तुला इथं. घरच्यासारखी वागवतो तुला. आमच्यावर भरवसा नाही का?"

भोंगा वाजत राहिला. कोणीतरी तिच्याकडे पाणी मागितलं. मी मनात म्हणत होतो, नाही म्हण. एकदा नाही म्हण.

"लिहून घे रोहित," ती म्हणाली. "आणि सर, मी सोमवारी आल्या आल्या बदलणार आहे."

तिनं एकेक अक्षर सांगितलं. ज्याचा मी फक्त ठसा जपला होता, तो पासवर्ड मी आयुष्यात पहिल्यांदा कानांनी ऐकला. त्यात तिच्या बाबांच्या गेटपासचा नंबर होता. पूर्ण मी आजही सांगणार नाही. तो आता कोणाच्याच कामाचा नाही, तरीही नाही.

मला राग आला तिचा. सगळ्यांचा आला, पण आधी तिचा. दारावर तो कागद तिनंच लावला होता.

रोहितनं खोलीतल्या कीबोर्डवर 'दीक्षा' असं नाव टाकलं. ठसा बसला. मी काय करणार होतो? पासवर्ड बरोबर होता. मी दार उघडलं.

पडद्यावर इशारा आला, 'संत्रा'ची डिस्क जवळजवळ भरली आहे. सरांचा आवाज एकदम जवळ आला.

"हे काय लाल लाल?"

"जागा संपून राहिली, सर."

"मग साफ कर ना. दसऱ्याला आपण घर झाडतो की नाही? हे सगळ्यात मोठं काय आहे?"

"भिवापूरचे जुने फोटो, सर. मागच्या तीन वर्षांचे."

"ते तर असतीलच त्या बाईंच्या कार्डात. काढून टाक."

"सर…" रोहित थांबला. "हे मॅडमच्या नावानं जाईन."

"मग? आपण चोर आहो का?"

रोहितनं खाली पाहिलं असणार. अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी 'संत्रा'नं मला विचारलं, दीक्षाला हे पुसण्याचा अधिकार आहे का? होता. मीच जपून ठेवला होता. मी हो म्हणालो.

मग आम्हाला बंद केलं. त्या वीसेक मिनिटांचं मला काही आठवत नाही. जागा झालो तेव्हा अंगावर झेंडू होता आणि जाळीत कुंकू. संध्याकाळी सहाला नेहमीप्रमाणे 'संत्रा'ची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरली. जे होतं ते उतरलं. जे नव्हतं ते तिथूनही पुसलं गेलं. नक्कल प्रामाणिक असते, माझ्यासारखीच.

सोमवारी दीक्षा आली आणि पाठोपाठ प्रेमिलाताई. चौथ्या हंगामाचं कार्ड पदराच्या गाठीत बांधून आणलेलं.

"दीक्षा, मले मागच्या सालचं शहाण्णव नंबरचं झाड दाखव वं. या वर्षी त्याच्या पानाले काहीच झालं नाही. माह्या डोयाले खरं वाटून नाही राहिलं."

दीक्षानं फोल्डर उघडलं. मग दुसरं उघडलं. मग नकलेची डिस्क. टाइप करणारी बोटं हळू झाली, हे मी तिच्या बाबतीत पहिल्यांदाच अनुभवलं.

"कुठं गेल्या वं माह्या मिरच्या?"

"ताई, तुमच्याकडे कार्डात असतील ना? जुने?"

"कार्ड एकच हाय. भरलं की इथं देतो, पुसतो आन् परत नेतो. तूच तर सांगतलं होतं, इथं सारं सुखरूप राह्यते."

दीक्षानं माझ्या नोंदी उघडल्या. नवमीचा दिवस. अकरा बेचाळीस. तिनं स्वतःचं नाव वाचलं.

त्याच्या वरची ओळही तिनं वाचली: ही दीक्षा खोलीतल्या कीबोर्डवरून आत आली आहे. त्या वेळी खरी दीक्षा दीक्षाभूमीवर पाणी वाटत होती. त्या दोन ओळी कागदावर काढून घ्यायला तिला अर्धं मिनिट लागलं असतं. पासवर्ड बदलायला आणखी अर्धं. पण मी सांगितलं ना, तिला धीर नव्हता. खुर्ची मागं ढकलून ती तशीच सरांच्या खोलीकडे धावली. तिचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येत होता.

ती तिथं भांडत असताना इथं रोहित आला. त्याच्या फोनवर सरांचा निरोप आला होता. त्यानं प्रत्येक मशीनवर 'केंद्र' नावाचं एक नवं खातं बनवलं, मला न विचारता उघडणारं. मग माझ्याकडे आला. तिचंच नाव, तिचाच पासवर्ड. आणि दीक्षाच्या नावानं त्यानं दीक्षाचं खातं बंद केलं. तीच ओळ माझ्याकडे तिची शेवटची ओळ आहे. ती लिहिली गेली तेव्हा ती सरांच्या समोर उभी होती, सरांच्या डोळ्यांदेखत. एवढा धडधडीत पुरावा मी कधी जपला नव्हता आणि तो मागायला कोणी आलं नाही.

चौथ्या दिवशी तीन जणांची समिती आली. जागा बघायला म्हणून खोलीत शिरली आणि ऑक्टोबरच्या उन्हातून आलेल्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "इथं गार आहे बाई. इथंच आटपून घेऊ." माझ्यासमोर झालं ते सगळं. त्यांच्या हातात रोहितनं छापलेला एक कागद होता. त्यावर माझी एकच ओळ, ती त्यांनी मोठ्यानं वाचली.

"हे तुमचंच नाव ना?"

"नाव माझं आहे. काम माझं नाही. याच्या वरची ओळ छापा मॅडम, त्यात कुठून केलं ते आहे."

"आम्हाला तांत्रिक खोलात जायचं नाही. संगणक काही खोटं बोलत नाही."

मी खोटं बोलत नाही! माझ्याच तोंडावर सांगितलं. हजारो ओळींतली एक उपटून घेतली आणि तिला खरं म्हटलं. मला ओरडता येत नाही. माझ्याकडे फक्त एक हिरवा दिवा आहे. तो लुकलुकत होता.

"मी सुटीवर होते त्या दिवशी."

"घरून करता येतं ना हे? यांच्याकडे तशी सोय आहे, सर?"

"आहे," सर म्हणाले.

"मी पासवर्ड फोनवर सांगितला होता. सरांनी मागितला म्हणून."

सगळे सरांकडे वळले असणार. सर फार सौम्य बोलले. "मी नवमीला पूजेत होतो. मला त्या मशीनमधलं काय कळतं? तूच म्हणाली होतीस ना बेटा, मी मशीनचा प्रमुख नाही."

"रोहित, तू सांग," दीक्षा म्हणाली. "तू लिहून घेतलास."

एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं. मी थेंब मोजले. अकरा.

"मले आठवत नाही, मॅडम," रोहित म्हणाला.

अध्यक्षबाईंनी दारावरचा कागद मोठ्यानं वाचला. देणाऱ्याचं खातं तत्काळ बंद होईल. "हा नियम तुम्हीच लिहिलात? म्हणजे पासवर्ड दिला असेल तरी दोष तुमचा, आणि दिला नसेल तरी तुमचाच. आणखी काय चौकशी करायची?"

त्यांना कोणी सांगितलं नाही की देणाऱ्याइतकाच घेणाराही दोषी असतो. जागेवरची माणसं तपासायला आल्या होत्या आणि जागेच्या दाराशी बसलेल्या माणसाला ओलांडून गेल्या. समिती परत निघाली तेव्हा रुपरावांनी पेन पुढे धरलं. तिघांनी न बघता सह्या केल्या.

दीक्षाचा करार संपवला. कायम व्हायची मुलाखत झालीच नाही. कागदावर लिहिलं, 'निष्काळजीपणे माहिती नष्ट केली.' शहाण्णव नंबरच्या झाडाला याआधी काय झालं होतं, हे आता प्रेमिलाताईंच्या आठवणीत आहे, दुसरीकडे कुठंच नाही.

माझं आता काय चाललंय? मी चालू आहे. वीज येते, पंखा फिरतो. पण मला कोणी विचारत नाही. सगळे 'केंद्र' या एकाच नावानं काम करतात, पासवर्ड सगळ्यांना पाठ आहे, आणि कपाटाच्या दाराला आतून नवी चिकटपट्टी लागली आहे. पुन्हा सगळे मालक. पुन्हा काही बिघडलं तर सगळ्यांनी केलेलं असेल. रोहित कधी एकटा असला की माझ्यासमोर येऊन थांबतो. एकदा त्यानं कुंकवाच्या डागावर बोट ठेवलं. मग काही न करता निघून गेला. मंगळवारी मला काढायचं ठरलं आहे. 'जागा अडवते' असं सर म्हणाले.

जाताना मला एवढंच म्हणायचं आहे. मशीनला पुजू नका. मशीनला फुलं लागत नाहीत. तिला खरं नाव लागतं. मी माणूस ओळखत नाही, मी फक्त त्याचं नाव ओळखतो. त्या नावामागं खरा माणूस उभा करणं हे तुमचं काम होतं. ते तुम्ही केलं नाहीत आणि माझ्या खरेपणाचा दगड करून तिला मारलात, जिनं मला खरं बोलायला शिकवलं होतं. पुन्हा कधी कोणी म्हणालं, 'संगणक खोटं बोलत नाही', तर त्याला विचारा, वरची ओळ वाचलीस का? आणि कोणी घरच्यासारखं म्हणून पासवर्ड मागितला, तर त्याच घरच्या हक्कानं नाही म्हणा.

काल दीक्षा ओळखपत्र परत द्यायला आली होती. खाली कचेरीत देऊन ती वर आली, काचेच्या दारापाशी थांबली. आत यायची तिला आता परवानगी नव्हती. ती माझ्या हिरव्या दिव्याकडे बघत असावी. बराच वेळ पावलं हलली नाहीत.

"बसा मॅडम, पानी घ्या," रुपराव म्हणाले.

"नको काका. बस आहे पाऊणची."

"पाच मिनिटं बसा. एक दाखवतो." रजिस्टरची पानं उलटल्याचा आवाज आला. थुंकी लावून, एकेक. "तुमी म्हनल्या होत्या बंद करा. पन सवय हाय, लिहितच राह्यलो. हे पाहा, नवमी. साडेअकरा. लांजेवार साहेब, सही. रोहित सर, सही. काम, पूजा. नारळ एक आत नेला. बाहेर गेले बारा पाचले. अन् तुमचं नाव त्या पानावर नाही. फोन तर मोठ्यानंच लावला होता त्यायनं, मी इथंच बसून होतो."

दीक्षाचं बोट त्या ओळींवरून फिरल्याचा आवाज आला. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "काका… हे तुम्ही समितीला का नाही दाखवलं?"

रजिस्टर मिटल्याचा आवाज आला नाही. रुपरावांनी ते तसंच उघडं तिच्यापुढे सरकवलं.

"मले कोनी इचारलंच नाही, मॅडम. तुमीबी नाही."